मिरिन नसेल तर

पाय जपून टाका. खाली तुडवलेली ओली माती आहे आणि शिडीला लागून उभं असलेलं लाकडी पिंप तुमच्या डोक्याच्याही वर गेलंय. साल १८२० च्या आसपासचं. गाव नागारेयामा, एडो नदीच्या पूर्व काठावरचं. नदी इथून दक्षिणेला उतरते ती शोगुनच्या एडो शहराकडे. त्या शहराला तोक्यो हे नाव मिळायला अजून जवळजवळ अर्धं शतक आहे.

बाहेर कडाक्याची थंडी आणि आत वाफच वाफ. मोठ्या चुलाण्यावर चिकट तांदूळ वाफवला जातोय, जो कुटून मोची नावाचे गोळे करतात तो. पलीकडच्या बंद, उबदार खोलीत दुसरा तांदूळ लाकडी ताटांत पसरलाय आणि त्याच्यावर पांढरी लव आली आहे. ही कोजी, म्हणजे मुद्दाम वाढवलेली बुरशी. आपल्या घरी तांदळावर अशी लव दिसली तर आजी ते पातेलं नाक मुरडत परसात उपडं करून येईल. इथे तिच्यासाठी माणसं दोन-दोन रात्री जागतात, तांदूळ फार तापला की उलथतात आणि निवला की झाकतात. खोलीत शिरलात तर हळू श्वास घ्या. वास बुरशीचा नाही, भाजलेल्या चेस्टनटसारखा गोडसर आहे.

आता पिंपात बघा. वाफवून निववलेला चिकट तांदूळ आत गेला, कोजी गेली. तिसरी वस्तू मात्र तुमची अपेक्षा मोडणार आहे. तुम्हाला वाटलं होतं पाणी ओततील. ओतली ती शोचू, भट्टीतून काढलेली जहाल दारू. पाण्याचा थेंबही नाही. तुम्ही पिंपाला कान लावता. साकेच्या, म्हणजे आंबवलेल्या तांदळाच्या दारूच्या, कोठारात असा कान लावला असता तर आत सुरसुर, बुडबुड ऐकू आली असती. इथे काहीच नाही.

“ऐकू येणार नाही, पाहुणे,” मुख्य कारागीर म्हणतो. “हे उकळत नाही, फसफसत नाही. नुसतं बसून राहतं आणि गोड होतं.”

या माणसाला सूक्ष्मदर्शक ठाऊक नाही. पण तुम्ही दोनशे वर्षं पुढून आलात, तेव्हा आत काय चाललंय ते तुम्हाला सांगता येतं. साकेत दोन कामं एकाच वेळी होतात: कोजी तांदळातल्या पिठूळपणाची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. इथे शोचूच्या जोरापुढे यीस्टला डोकंच वर काढता येत नाही. त्यामुळे कोजीतली एन्झाइमं साखर करत सुटतात आणि ती साखर खाणारं कुणी नसतं. सगळी गोडी पिंपातच साठत जाते. पहिल्या आठवड्यात चाखलंत तर घशाला चटका बसेल, तांदूळ भिजवलेली दारू दुसरं काय असणार? चाळीस-साठ दिवसांनी चाखा. जीभ आधी गोडी घेईल, मग तांदळाची खोल चव येईल, आणि दारू शेवटी घशात हलकीशी जाणवेल.

ही गोडी साखरेच्या पाकाची नाही. तिच्यात मुख्यतः ग्लुकोज आहे आणि जोडीला निरनिराळ्या लांबीच्या साखरा. तांदळातली प्रथिनं मोडून झालेली अमिनो आम्लंही आहेत. म्हणून ती एकदम टोचत नाही, पसरत येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिच्यावरच सगळी मदार आहे.

पिकलेला रांधा सुती पिशव्यांत भरतात, पिशव्या लाकडी पेटीत रचतात, वर लांबलचक तुळई आणि तिच्या टोकाला दगड. खाली पन्हळीतून जे निथळतं ते मिरिन. पिशवीत राहिलेला चोथा टाकत नाहीत. तो पांढरा, भुसभुशीत आणि गोड असतो. कोठाराच्या दाराशी खोळंबलेली पोरं त्याचीच वाट बघताहेत. एक मूठ तुम्हीही घ्या.

नागारेयामाचं नाव झालं ते फिकट, नितळ मिरिनमुळे. होरिकिरी मोन्जिरोने १८१४ मध्ये असं ‘शिरो-मिरिन’ काढलं आणि गावातल्या आकिमोतो घराण्याचंही मिरिन तितकंच गाजलं. आकिमोतोंच्या कर्त्या पुरुषाला कवितेचं वेड होतं. सोजू या नावाने तो हायकू लिहायचा आणि कोबायाशी इस्सासारखा कवी त्याच्या घरी पुन्हा पुन्हा येऊन राहायचा. इस्सा बरीच वर्षं पैशाच्या ओढगस्तीत काढलेला माणूस. अशा घरचा पाहुणचार त्याला गोड लागला नसता तरच नवल.

पिंपं होडीत चढली. तुम्हीही चढा.

नदीने खाली, मग ग्योतोकूच्या मिठागरांच्या बाजूने कालव्यात, नाकागावाच्या चौकीपाशी तपासणी आणि पुढे सरळ एडोच्या पोटात. मालाची ही नेहमीची वाट. कालव्याच्या दक्षिणेला खाडी आहे. आज तिथे बघण्यासारखं काही नाही, पण जागा ध्यानात ठेवा. दीडेकशे वर्षांनी खाडीत भराव पडेल, त्या भागात निशी-कासाई नावाचं स्टेशन उभं राहील आणि २००० सालाच्या सुमारास पुण्या-मुंबईचे संगणक अभियंते तिथल्या इमारतींमध्ये बिऱ्हाड मांडतील. एडोगावा वॉर्डातल्या सुपरमार्केटात उभं राहून ‘यातलं मिरिन कुठलं आणि ते आपल्याला चालेल का’ असा प्रश्न सर्वांत आधी पडलेल्या मराठी माणसांत त्यांची गणना करायला हवी. ज्या पाण्यावरून हा माल जायचा, त्याच्याच शेजारी त्यांचं घर आहे हे फारच थोड्यांच्या लक्षात आलं असेल.

होडी लागली. वासाच्या मागे चला.

कोपऱ्यावरच्या दुकानात वाम मासा पाठीकडून चिरून, सळ्या खुपसून निखाऱ्यावर धरलाय. दुकानदार तो मधूनच एका काळपट रसात बुडवतो आणि पुन्हा निखाऱ्यावर ठेवतो. रस ठिबकतो, धूर उठतो आणि रस्त्यावरची माणसं थबकतात. त्या भांड्यात दोनच गोष्टी महत्त्वाच्या: नोदा नाहीतर चोशीचा दाट सोया सॉस आणि मिरिन. नोदा हे नागारेयामाच्या जवळचंच गाव. दोन्ही जिनसा एकाच नदीने आल्या आणि या भांड्यात भेटल्या. एडोच्या जिभेला खारट-गोड असं ठसठशीत काहीतरी हवं होतं. ते या नदीकाठाने पुरवलं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

किंमत विचारा. सोबा शेवयांचा वाडगा १६ मोनला मिळतो (मोन हे इथलं नाणं) आणि वामाची एक ताटली २०० मोनच्या घरात. म्हणजे वाम ही सणासुदीची चैन. सोबाच्या रसातही मिरिन असतंच, पण ते दुकानात.

आता दुकानं सोडा आणि मागच्या गल्लीत वळा. इथे एका ओळीत लाकडी खोल्या आहेत, आपल्या चाळीसारख्याच. एकाच भिंतीचे दोन संसार. चूल बघा. भात, मिसोचं सार, लोणचं, कधीतरी सार्डिन. मिरिन शोधा. नाही. नंतर एखाद्या बऱ्या घरात संध्याकाळी डोकावलात तर ते सापडेल, पण कढईत नाही, पेल्यात. उन्हाळ्यात मिरिनमध्ये शोचू मिसळून गार करून पितात. ओसाकाकडे त्याला यानागिकागे म्हणतात, एडोत होन्नाओशी. ज्यांना साके झेपत नाही त्यांना मिरिन आवडतं. १५९३ च्या एका दैनंदिनीत, तोयोतोमी हिदेत्सुगु या सरदाराच्या चिटणिसाच्या, मिरिनचा उल्लेख आहे, आणि १६९७ च्या ‘होन्चो शोक्कान’ या आहारग्रंथात ते कसं करायचं हेही लिहिलंय. म्हणजे मिरिनचा जन्म प्यायसाठी झाला. स्वयंपाकघरात ते उशिरा शिरलं, आणि तेही आधी खानावळींच्या.

एक मोठी उडी. मधे तोकुगावा शोगुन गेले, १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात नागारेयामाच्या मिरिनचा गौरव झाला, रेल्वे आली, भूकंप झाला, महायुद्ध झालं. युद्धात तांदूळ पोटाला पुरेना, तिथे तांदळाची गोड दारू कोण गाळणार? मिरिन काही वर्षं बाजारातून नाहीसंच झालं.

तोक्यो, १९५५ च्या आसपास. गॅसची शेगडी, तिच्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं. पातेल्यात साबा मासा, आपल्या बांगड्याचा जपानी भाऊबंद. पंचेचाळिशीच्या एक बाई त्याच्यावर आल्याच्या चकत्या टाकताहेत. मग साके, मग चमचाभर साखर, शेवटी सोया सॉस.

“मिरिन नाही घालत?” तुम्ही विचारता.

त्या तुमच्याकडे अशा बघतात, जणू रोजच्या वरणात केशर का नाही असं तुम्ही विचारलंय. “अहो, ते दारूच्या दुकानातून आणावं लागतं. आणि भाव बघितलात का? नवीन वर्षाला आणतो थोडं. बांगड्याला साखर आणि साके पुरे.”

हे उत्तर मला या सगळ्या प्रवासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मिरिनवर दारूचा कर होता, तोही भक्कम, आणि विक्री परवान्याच्या दुकानातूनच. १९५९ मध्ये हा कर मोठ्या प्रमाणात कमी झाला आणि त्यानंतर कुठे मिरिन सामान्य जपानी घराच्या फडताळात नेमाने दिसू लागलं. म्हणजे आज आपण चोरट्यासारखे जो ‘पर्याय’ शोधतो, साके आणि साखर, तो जपानी घरात मुळातला होता. बाटली मागाहून आली. अस्सल जपानी चवीच्या नावाने जे लोक पर्याय म्हटलं की भुवया उंचावतात, त्यांना या बाईंच्या पातेल्यातला मासा खाऊ घालायला हवा.

कराने आणखी एक गंमत केली. आणखी काही वर्षं पुढे या, तोक्योतल्याच एका किराणा दुकानात. फळीवर तीन बाटल्या शेजारी शेजारी, तिन्हींवर मिरिन हा शब्द, रंगही तोच. पहिली होन-मिरिन, म्हणजे अस्सल: अल्कोहोल सुमारे १४ टक्के आणि १०० मिलिलिटरमागे ४० ग्रॅमच्या वर गोडीचा अंश. ही दारूच. दुसरी मिरिनच्या धर्तीवरची: ग्लुकोजचा पाक, थोडी आंबट चव, चवीला इतर काही, अल्कोहोल १ टक्क्याच्या आत. तिसरी सर्वांत चलाख. तिच्यात अल्कोहोल भरपूर आहे, पण सोबत दीड-दोन टक्के मीठही घातलंय. कशासाठी? कुणी ती पिऊ नये यासाठी. पिण्याजोगी नाही म्हटल्यावर दारू नाही, दारू नाही म्हटल्यावर दारूचा करही नाही. मीठ चवीसाठी नाही, कर खात्यासाठी आहे. स्वयंपाकाच्या पुस्तकात हे सहसा लिहिलेलं नसतं, आणि मग लोक पाककृतीत सांगितलेला सोया सॉस तेवढाच घालून ‘जपानी पदार्थ खारट का होतात’ म्हणून चकित होतात.

आता आजच्या काळात या, पुण्यात म्हणा, नाशकात म्हणा, तुमच्याच ओट्यापाशी. हातात मोबाइल, मोबाइलवर पाककृती, पाककृतीत ‘३ मोठे चमचे मिरिन’. १४ टक्के अल्कोहोल म्हणजे आपल्याकडे वाइन शॉपचं प्रकरण, किराणा दुकानात सहज दिसणाऱ्या बाटल्या बहुतेकदा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या जातीच्या. मागचं बारीक लेबल वाचा. साखरेचा पाक पहिल्या क्रमांकावर असेल तर त्या पाकासाठी एवढे पैसे मोजायचे की नाही हा तुमचा प्रश्न. मी मोजणार नाही. घरी साखर आहे.

पण साखर घालण्याआधी त्या पदार्थात मिरिन कोणतं काम करतंय ते पाहावं लागतं. नागारेयामाच्या पिंपात तुम्ही जे पाहिलंत ते इथे उपयोगी पडतं. तिथे दोन गोष्टी होत्या, मोडलेला तांदूळ आणि दारू. मोडलेल्या तांदळाने गोडी आणि चकाकी येते. दारू माशाचा उग्र वास वाफेबरोबर घेऊन जाते, चव आत मुरवते आणि बटाटा किंवा मासा शिजताना लवकर फुटू देत नाही. भोपळ्याच्या भाजीत वास घालवायचा नसतो, तिथे गोडी हवी आणि फोडी अखंड राहायला हव्यात. बांगड्यात आधी वास. तेरियाकीत, म्हणजे गोड-खारट रस चढवून भाजलेल्या पदार्थात, चकाकी. वामाच्या त्या काळपट रसात सगळंच हवं, म्हणून तिथे पर्याय सर्वांत लंगडा पडतो.

जपानी घरातला जुना हिशेब साधा आहे: एक मोठा चमचा मिरिनच्या जागी एक मोठा चमचा साके आणि एक लहान चमचा साखर. साके मिळत नसेल तर नाशिकची पांढरी वाइन घ्या, फार आंबट नसलेली. शेनिन ब्लांक द्राक्षाची चालते. वाइनमध्ये आंबटपणा असतो, तेव्हा साखर किंचित जास्त. साकेइतका तांदळाचा गोलवा तिला येणार नाही, पण दारूचं काम ती नीट करते.

घरात दारू चालतच नसेल तर? ‘उकळली की उडून जाते’ हे सांगून स्वतःची समजूत घालू नका, थोडा अंश उरतोच. सरळ पाणी आणि साखर घ्या, तेवढ्याच मापाने, आणि वासाचं काम आल्याकडे सोपवा. माशाला आधी मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी पुसून टाका, मग शिजवा. मिरिनने जे केलं असतं त्यातलं बरंचसं इथेच झालं. चकाकी हवी असेल तर एक गोष्ट कामाची आहे: केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळणारं लिक्विड ग्लुकोज. मिरिनच्या गोडीत मुख्य वाटा ग्लुकोजचा, हे तुम्ही पिंपापाशीच ऐकलंत. साखरेच्या निम्म्या भागाऐवजी ते घातलं तर रस लवकर कडक होत नाही आणि तुकतुकीत राहतो. मधही चालतो, फक्त त्याचा स्वतःचा वास असतो. काकवी आणि गूळ मला तरी इथे नको वाटतात. चव चांगली लागते, पण ती कोल्हापूरची लागते.

व्हिनेगर मात्र नाही. तांदळाचं व्हिनेगर आणि साखर हा पर्याय जागोजागी सुचवलेला दिसतो, बहुधा दोन्ही बाटल्या शेजारी असतात म्हणून. मिरिन आंबट नसतं. सॅलडच्या रसात ते खपून जाईल, पण शिजवलेल्या माशात तुम्ही दुसराच पदार्थ केलेला असेल.

चला, वांगी घ्या. भरताचं मोठं वांगं, बोटभर जाडीच्या चकत्या, तेलावर दोन्ही बाजूंनी मऊ होईपर्यंत भाजा. तळात तेल जास्त उरलं असेल तर टिपून घ्या, नाहीतर रस चकतीला धरणार नाही, घसरून जाईल. आता २ मोठे चमचे सोया सॉस, ३ मोठे चमचे वाइन किंवा पाणी, १ मोठा चमचा साखर, एकत्र करून ओता. आच मध्यम. आधी मोठे पातळ बुडबुडे येतील, मग ते लहान आणि दाट होतील. एकतारी पाकापर्यंत जायचं नाही, त्याच्या बऱ्याच आधी थांबायचं, कारण निवल्यावर तो आणखी आळतो. पॅन तिरका करून रस चकत्यांवर फिरवा. वांग्याच्या कडा तांबूस होऊ लागतील: गोडी आणि सोया सॉसमधली अमिनो आम्लं एकमेकांना भिडली. पनीर किंवा टोफूलाही हेच माप चालतं. अस्सल मिरिन वापरत असाल तर त्यातलं थोडं राखून अगदी शेवटी घाला, चकाकीसाठी. न शिजवलेल्या रसात घालायचं असेल तर आधी एक उकळी देऊन दारूचा चटका काढून टाका, जपानी स्वयंपाकीही तेच करतात.

अस्सल बाटली मिळालीच तर ती फ्रिजमध्ये ठेवू नका, साखर तळाला खड्यांसारखी बसते. अंधाऱ्या फडताळात ती खुशाल राहते. ग्लुकोजच्या पाकाची बाटली मात्र उघडली की फ्रिजमध्येच, तिला सांभाळायला आत दारू नसते.

एका ठिकाणी यातला कुठलाच पर्याय चालत नाही. जपानी नववर्षाच्या सकाळी, १ जानेवारीला, मिरिनमध्ये, बरेचदा साके मिसळून, औषधी मसाले रात्रभर मुरवून केलेलं तोसो पितात. दालचिनी असते, तिरफळाच्या जातीतला सानशो असतो. लाखेच्या तांबड्या पेल्यांतून, घरातल्या लहानापासून सुरुवात करून मोठ्यांपर्यंत. तिथे साखरपाणी नको, वाइनही नको. एडोतली माणसं जसं पीत होती तसं ते मिरिनच हवं. कुणी निशी-कासाईहून येणार असेल तर तिथूनच एक छोटी बाटली मागवा आणि आणणाऱ्याला फोनवर बजावून सांगा, मागे घटकांच्या यादीत मीठ लिहिलेलं असेल तर घेऊ नकोस.